अवसेला झालेलं अपडेट

"भानू, हे सॉफ्टवेअर आपल्या मनानं तारीख बदलू शकतं का गं?"

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रमाकांतकाका पाळंद्यांनी फोनवर हे विचारलं, तेव्हा रिसीव्हर धरून धरून भानुमतीचा कान लाल झाला होता.

मानिक चौकात स्टेशनरीच्या दुकानावर एक खोली होती. त्या खोलीत 'तराजू' नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एजन्सी होती. झाशीतले आणि आसपासच्या गावांतले लहान दुकानदार त्यावर बिलं करत आणि अडले की इथे फोन करत. फोन घ्यायला भानुमती आणि मोटरसायकलवरून दुकानोदुकानी फिरायला श्रीकृष्ण, एवढाच सगळा कारभार. भानुमती मॅट्रिक. नऊ वर्षांपूर्वी फक्त निरोप लिहून घ्यायला लागली होती. सॉफ्टवेअरबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक कोणीच उघडलं नव्हतं, ते तिनं रिकामपणी वाचून काढलं, आणि तेव्हापासून एजन्सीचे मालकसुद्धा अडलं की तिलाच विचारत. कंप्यूटरचा हिशेब विकणाऱ्या त्या खोलीत फोनची नोंद मात्र कागदी रजिस्टरात व्हायची. वेळ, कोण, प्रश्न, उत्तर. तिच्या हातच्या रेघांचे चार रकाने.

त्या दिवशी तराजूची नवी आवृत्ती निघाली होती. सकाळपासून एक्केचाळीस फोन आले आणि प्रश्न मोजून दोनच.

"बहनजी, एंट्री सेव नहीं हो रही."

"एंटर मत दबाइए. अब एफ दस दबाना है."

"और ये बिल के नीचे टाइम में सेकंड काहे आ रहे हैं? पहले तो नहीं आते थे."

"नये में आएँगे भैया. आप कितनी जल्दी में रहते हैं, पता तो चले."

बेचाळिसावा फोन काकांचा. काका म्हणजे रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झालेला माणूस. चौकातल्या जगन्नाथसेठच्या घाऊक औषधांच्या दुकानात, मागच्या खोलीत, ते रोज दुपारी हिशेब लिहायचे. तराजूत स्वल्पविराम हलला तरी फोन करून भानुमतीला विचारायचे आणि तिचं उत्तर डायरीत उतरवून घ्यायचे.

"नाही काका," ती म्हणाली. "कोणीतरी टाइप केल्याशिवाय एक आकडा हलत नाही."

"अपडेटनंसुद्धा?"

"अपडेटनंसुद्धा. आणि तुम्ही अपडेट केलंयत कुठे?"

"छे! आज अवस. श्रीकृष्ण दुपारी येऊन सगळं मशीनमध्ये घालून गेलाय. चालू करू का, हो की नाही, असं ते पडद्यावर विचारत बसलंय. मी 'नाही' दाबतोय. उद्या प्रतिपदा. उद्या दहा वाजता तू फोनवर हवीस, मगच 'हो' दाबीन."

"तुमचं भांडण म्हणे सगळ्या चौकानं ऐकलं."

"तो म्हणाला, काका, कंप्यूटरला पंचांग नसतं. मी म्हटलं, मला असतं." काका हसले नाहीत. आवाज खाली आला. "एकाच बॅचच्या दोन तारखा आहेत, भानू. कंप्यूटरात एक आणि कंपनीच्या बिलावर एक."

"कुठल्या औषधाच्या?"

"आधी बघून येतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी टिक करत नाही, तुला माहीत आहे."

फोन ठेवला गेला. भानुमतीनं नोंद केली: *४.१०, रमाकांतकाका. तारीख आपोआप बदलते का? नाही. अपडेट उद्या.*

तिसऱ्या रकान्यात लिहिताना तिच्या लक्षात आलं, औषधाचं नाव काकांनी सांगितलंच नव्हतं. पण तेवढ्यात त्रेचाळिसावा फोन वाजला.

*

सातला बत्ती गेली. इमर्जन्सी दिव्याच्या निळसर उजेडात ती रजिस्टर पुरं करत होती. सात वीसला फोन आला.

"बहनजी, मऊरानीपुर से बोल रहे हैं. एंट्री सेव नहीं हो रही."

पुरुषाचा आवाज. गुदमरलेला, तोंडावर कापड धरल्यासारखा. पण नम्र.

"ग्राहक नंबर बताइए."

"वो तो घर पर रह गया. बड़ी मेहरबानी होगी, बहनजी."

नियम असा होता की नंबराशिवाय उत्तर द्यायचं नाही. पण दिवसभर तेच एक उत्तर देऊन तिची जीभ आपोआप चालत होती. "एफ दस दबाइए."

कळ दाबल्याचा आवाज आला. त्यामागे यूपीएसची पीं... पीं... चालली होती. त्याच्याकडेही बत्ती नव्हती म्हणायची.

"हो गया. एक बात और. ये टाइम कहाँ से लेता है?"

"कंप्यूटर की घड़ी से."

"मतलब घड़ी में जो होगा, वही?"

"वही."

डोक्यावरचा पंखा करकरत फिरायला लागला, खोली लख्ख झाली. पलीकडची पीं थांबली. पलीकडून कोणी आभार मानले नाहीत. फोन ठेवला गेला.

भानुमतीनं लिहिलं: *७.२०, मऊरानीपूर, नंबर नाही.* आणि घरी गेली.

*

बुधवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली ती दुकानदाराची नव्हती. कठड्याला धरून, दर पायरीला थांबत कोणीतरी येत होतं.

काकांची बायको, शारदाकाकू. हातात पितळी डबा, डोळे सुजलेले.

"भानू, हे रात्री घरी आले नाहीत."

भानुमतीनं तिला खुर्चीत बसवलं. "दुकानात विचारलंत?"

"विचारलं ना. केशवराव तर रात्री स्वतः स्कूटर घेऊन दवाखाने पालथे घालून आले. असा माणूस नाही बघ." केशवराव हे सेठचं गोदाम सांभाळणारे. मराठीच, काकांहून पंचवीस वर्षांनी लहान, दिसतील तिथे काकांच्या पाया पडणारे. "काल संध्याकाळचं इन्सुलिन चुकलं. आज सकाळचंही चुकलं. सापडल्या सापडल्या द्यायचं म्हणून बाटली घेऊनच फिरतेय मी."

तिनं डब्याचं झाकण उघडलं. आत ओल्या फडक्यात बाटली गुंडाळलेली होती. तापू नये म्हणून.

"साखर किती असते हल्ली?"

"ती मेली चढतच चाललीय! तीन महिने झाले, भात सोडला, बटाटा सोडला. चोरून मिठाई खाता म्हटलं की रुसून बसतात. औषधाला कमी नाही गं. केशवराव दुकानातूनच देतात, पैसे घेत नाहीत."

भानुमतीनं रजिस्टर काखेत मारलं, खोलीला कुलूप घातलं. फोन आत वाजत राहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं तो वाजू दिला.

*

पोलीस चौकीत दरोगा रघुनाथ सिंह मिशीला दोन बोटं लावून बसला होता. समोर बाकावर केशवराव, हात जोडलेले, डोळे लाल. कोपऱ्यात उभा श्रीकृष्ण, पांढराफटक.

"भानूताई, मी काही केलं नाही," तो म्हणाला. "घरी बायकोला कळवा, नाहीतर ती इथेच येऊन रडेल."

दरोग्यानं एक कागद नाचवला. "बहनजी, मामला साफ है. कल दोपहर इस लड़के का बुड्ढे से झगड़ा हुआ. पाँच बजकर बावन मिनट चालीस सेकंड पर पाळंदे जी ने आख़िरी एंट्री की, चाय के बारह रुपये. फिर निकले और ग़ायब. साढ़े सात बजे इसकी मोटरसायकिल चौक में खड़ी थी."

"माझी मोटरसायकल रोजच चौकात असते!" श्रीकृष्ण ओरडला. "मी तिथेच काम करतो!"

"चुप."

"हा कागद कोणी दिला?" भानुमतीनं विचारलं.

"मीच छापून आणला, ताई," केशवराव मराठीत म्हणाले. मग दरोग्यासाठी हिंदीत वळले. सेठ काल संध्याकाळच्या गाडीनं कानपूरला गेले. ते सव्वापाचपासून सेठबरोबर होते, गाडी उशिरा आली, पावणेसातपर्यंत प्लॅटफॉर्मवर. तिथून सरळ लक्ष्मी गेटला, घरी. त्यांनी खिशातून प्लॅटफॉर्म तिकीट काढून टेबलावर ठेवलं, इस्त्री केल्यासारखं सरळ.

"सेठ से फ़ोन पर पूछ लिया," दरोगा म्हणाला. "सही बात है."

"म्हणजे पाच बावन्नला काका खोलीत होते आणि तुम्ही स्टेशनवर."

"दुर्दैव माझं. मी असतो तर जाऊ दिलं नसतं." केशवरावांनी डोळे पुसले. काकूकडे बघितलं आणि आवाज आणखी मऊ केला. "काकू, बोलू नये, पण काका हल्ली फार मनाला लावून घ्यायचे. अपडेटनं तारखांचा घोळ केला. त्यांना वाटलं असेल, आपलीच चूक. दरोगाजी, ओरछ्याकडे, बेतवा नदीच्या घाटावर एकदा माणूस पाठवून बघावा..."

काकूच्या घशातून निघालेला आवाज ऐकून दाराशी उभा शिपाईसुद्धा आत वळून बघू लागला.

भानुमती कागदाकडे बघत होती. पाच. बावन्न. चाळीस.

"काकू, तो डबा इकडे द्या."

ओल्या फडक्यातून तिनं बाटली बाहेर काढली. रात्रभर ओलाव्यात राहून तिच्यावरच्या तारखेच्या पट्टीचा कोपरा सुटला होता. भानुमतीनं नख घातलं. पट्टी सालीसारखी निघून आली. खाली दुसरी तारीख छापलेली होती. अकरा महिन्यांपूर्वी उलटून गेलेली.

ती बाटली तिनं दरोग्याच्या कागदावर ठेवली.

"जीप काढा," ती दरोग्याला हिंदीत म्हणाली. "खंडेराव गेटला सेठचं गोदाम आहे. आधी ते उघडा, बाकीचं वाटेत सांगते."

"बहनजी, आप अपना फ़ोन सँभालिए."

"तेच करतेय. काकांची दोन इंजेक्शनं चुकलीयत, दरोगाजी. तिसऱ्याची वेळ यायच्या आत निघा."

केशवराव उठले. "गोदामाची किल्ली तर सेठ बरोबर घेऊन गेलेत."

दरोग्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे. मग फोन उचलून कानपूर लावलं. सेठचा आवाज अख्ख्या चौकीला ऐकू आला: "चाबी केशव के पास है! और किसके पास होगी?"

*

जीप मानिक चौकातून निघाली ती लगेच अडकली. पुढे गव्हाच्या पोत्यांचा हातगाडा, मागे रिक्षा. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मागच्या बाकावर शिपायाशेजारी केशवराव मुकाट बसले होते, त्यांच्यासमोर भानुमती, आणि तिच्या खांद्यावर काकूचं डोकं. श्रीकृष्णाला कोणी खाली उतर म्हणालं नाही, म्हणून तोही आला होता.

"बोलिए," दरोगा पुढून म्हणाला.

ती हिंदीत बोलली. आपल्या भाषेत ते असं होतं.

"या कागदावरच्या वेळेत सेकंद आहेत. जुन्या तराजूत सेकंद येत नव्हते, नव्यातच येतात. म्हणजे ही नोंद अपडेट झाल्यावरची. आणि काकांनी अपडेट केलेलंच नव्हतं."

"बाद में कर लिया होगा."

"अमावास्येला? त्यावरूनच तर श्रीकृष्णाशी भांडण झालं. चार दहाला मला फोन करून सांगितलं त्यांनी, उद्या करीन. हे बघा, लिहिलंय." तिनं रजिस्टर पुढे सरकवलं. "बरं, माणसाचं मन बदललं असं धरू. नव्या तराजूत नोंद करायची तर एफ दस दाबावं लागतं. काल एक्केचाळीस दुकानदारांना ते माझ्याकडून कळलं. काका स्वल्पविराम हलला तरी फोन करणारे. ते चार दहानंतर फोन न करता नोंद करून मोकळे होतात? तो फोन या रजिस्टरात नाही, दरोगाजी."

हातगाडा हलला. जीप दहा हात पुढे गेली आणि पुन्हा थांबली.

"तो फिर एंट्री किसने की?" दरोग्यानं विचारलं.

"ज्याला एफ दस माहीत नव्हतं आणि मला विचारावं लागलं, त्यानं. काल सात वीसला एक जण म्हणाला, मऊरानीपूरहून बोलतोय. सेव्ह कसं करायचं आणि वेळ कुठून घेतो, हे दोन प्रश्न विचारले. मीच सांगितलं त्याला." ती क्षणभर थांबली. "मीच सांगितलं, की घड्याळ मागे केलं की झालं."

"मऊरानीपुर का आदमी यहाँ कैसे?"

"तो मऊरानीपूरला नव्हताच. आमच्याकडे बत्ती गेली होती, त्याच्याकडेही. त्याचा यूपीएस ओरडत होता. माझा पंखा फिरायला लागला त्याच क्षणाला त्याची पीं थांबली. साठ-पासष्ट किलोमीटरवर एकाच क्षणी बत्ती येते होय? तो माझ्याच लाईनीवर होता. चौकातच. काकांच्या खुर्चीत."

"ये लड़का भी चौक में था," दरोग्यानं श्रीकृष्णाकडे अंगठा केला.

"ह्यानं काल दिवसभरात बावीस दुकानांत एफ दस शिकवलं. तो मला कशाला विचारेल? सेठ गाडीत होते. मागच्या खोलीची किल्ली आणखी कोणाकडे असते, केशवराव?"

केशवराव खिडकीबाहेर बघत राहिले.

"आणि तुम्हाला एक विचारायचं राहिलं. तारखांच्या घोळाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काकांनीच," ते पटकन म्हणाले. "काल दुपारी. अपडेटमुळे झालं म्हणून हळहळत होते."

"काल दुपारी अपडेट झालेलंच नव्हतं. आणि चार दहाला मीच काकांना सांगितलं की अपडेटनं तारीख बदलत नाही. त्यानंतर ते कोणापुढे कशाला हळहळतील? ते विचारायला गेले होते तुम्हाला. अपडेटचं निमित्त तुमचं."

पुढचा हातगाडा बाजूला झाला आणि जीप सुटली.

"असं झालं," भानुमती म्हणाली, आता केशवरावांकडे न बघता. "मुदत संपलेला माल कंपनीला परत पाठवायचा असतो. तो तुम्ही परत गेल्याचं दाखवत होतात आणि पट्ट्या चिकटवून विकत होतात. कंप्यूटरात काकांच्याच नावानं शिरून तारखा बदलत होतात. त्यातलीच बाटली काकांच्या घरीही दिलीत. फुकट. साखर का उतरत नाही म्हणून काकांनी आपल्याच बाटलीचा बॅच नंबर काढला, कंपनीचं जुनं बिल शोधलं आणि दोन तारखा समोर आल्या. त्यांना तुमचं नाव घ्यायचं नव्हतं. रेल्वेत चौतीस वर्षं त्यांनी माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागदावर टिक केली नाही. तिसरी तारीख खोक्यावर असते, आणि खोकी गोदामात. तुम्ही म्हणालात, चला काका, दाखवतो. मागच्या दारानं नेलंत. पाचच्या आत परत आलात आणि सेठची बॅग उचलून स्टेशनला गेलात."

"और शाम को?" दरोग्यानं आता मान पूर्ण वळवली होती.

"स्टेशनवरून परत चौकात. काका पाच बावन्नला जिवंत आणि खोलीत होते, एवढं दाखवायचं होतं. जुनं तराजू ह्यांना येतं. चालू केल्यावर पडद्यावर तो प्रश्न आला, घाईत एंटर मारलं, आणि एंटर म्हणजे 'हो'. काका दिवसभर 'नाही' म्हणत होते, ह्यांनी एका बोटानं 'हो' म्हटलं. मग नोंद होईना. मग माझा फोन. मग ती नोंद खोडून, घड्याळ मागे करून, पाच बावन्नची नवी."

काकूनं डोकं उचललं. ती केशवरावांकडे बघत होती. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "रात्री माझ्याकडे चहा घेतलास रे तू. वेलची घालून मागितलास."

केशवरावांनी मान खाली घातली ती पुन्हा वर आली नाही.

"मला फक्त दोन दिवस हवे होते," ते पुटपुटले. "सेठ परत यायच्या आत माल हलवला असता."

"और बुड्ढे का क्या करते?" दरोग्यानं विचारलं.

जीप खंडेराव गेटशी पोचेपर्यंत दरोग्यानं तेच पुन्हा दोनदा विचारलं.

*

गोदामाच्या शेजारी आटाचक्की होती. दिवसा तिच्या घरघरीत तोफ उडाली असती तरी कळलं नसतं. शिपायानं केशवरावांच्या कमरेची किल्ली काढून लोखंडी दार उघडलं.

आत औषधांचा आणि बंद हवेचा वास. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या रांगा. मागच्या रांगेपलीकडे आणखी एक लहान दार, त्याला बाहेरून कडी.

काका भिंतीला टेकून बसले होते. डोळे अर्धवट उघडे, ओठ फुटलेले, श्वास जोरजोरात चाललेला. एक चप्पल पायात, एक दाराजवळ. बहुतेक तिनंच दार ठोकून ठोकून ते थकले होते.

त्यांच्या हाताच्या अंतरावर इन्सुलिनची खोकी होती. शेकडो. एक फोडलेलं होतं, बाटल्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीवरची पट्टी नखानं अर्धी सोलून ठेवलेली. मांडीवर डायरी, झरोक्याच्या उजेडात लिहिलेली, आणि पुढे पुढे हलत गेलेलं अक्षर. बॅच नंबर, वरची तारीख, खालची तारीख. प्रत्येक ओळीपुढे टिक.

"अहो," काकू खाली बसली. "अहो, मी आलेय."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग मागे उभ्या भानुमतीकडे.

"सतरा बॅच," ते म्हणाले. आवाज म्हणजे नुसती हवा. "बघितल्या. डोळ्यांनी."

श्रीकृष्णानं त्यांना पाठीवर घेतलं. जीपपर्यंत पोचेतो तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काका, तुम्ही म्हणाल तेव्हा अपडेट करू, तुम्ही म्हणाल तेव्हा."

*

काका वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. ताज्या इन्सुलिननं त्यांची साखर दोन दिवसांत तीन महिन्यांत उतरली नव्हती तेवढी उतरली. मिठाईचा आळ घेतल्याबद्दल काकूनं दवाखान्यात सगळ्यांसमोर कान पकडले.

शुक्रवारी दहा वाजता भानुमती तिच्या खुर्चीत बसली. समोर काकांची डायरी होती. शेजारी सेठच्या कंप्यूटरातून काढलेली यादी होती, सतरा बॅच कुठे कुठे गेल्या त्याची. पोलीस पत्रं पाठवणार होते. पत्रं पोचायला चार दिवस लागले असते.

यादीतली बहुतेक दुकानं तराजूचीच होती. नंबर तिला पाठ होते.

नऊ वर्षं फोन तिच्याकडे येत होते. त्या दिवशी तिनं लावले. बबीना. तालबेहट. मोठ. चिरगाव.

"हाँ बहनजी! हम तो आप ही को फ़ोन करने वाले थे, वो सेकंड वाला..."

"सेकंड बाद में. फ़्रिज खोलिए. इंसुलिन की शीशी निकालिए. तारीख़ पर नाख़ून लगाइए और बताइए, नीचे क्या है."

मग प्रत्येक ठिकाणी तेच. फ्रिजच्या दाराचा आवाज. काचेवर काच. मग कोणीतरी खालच्या आवाजात म्हणायचं, "अरे राम."

ती लिहून घेत होती. बबीना, अठरा बाटल्या, बाजूला काढल्या. तालबेहट, सहा. मोठ, चोवीस.

संध्याकाळी शेवटचा फोन मऊरानीपूरचा होता. मंगळवारचा तो फोन तिथून नव्हता, तरी यादीतलं ते नाव तिनं दोनदा वाचलं.

"आपके यहाँ चालीस गई थीं," ती म्हणाली. "कितनी बची हैं?"

दुकानदार म्हातारा होता. त्यानं फ्रिज उघडलासुद्धा नाही.

"बहनजी, वो तो सब बिक गईं. सस्ती थीं ना. ग़रीब लोग ले गए."

"किसको दीं? नाम?"

"नाम कौन लिखता है? नक़द का माल."

मग त्यानं विचारलं, अगदी ग्राहक विचारतात तशा भाबड्या आवाजात, "अब क्या करें, बहनजी?"

नऊ वर्षांत तिनं प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. तिनं पेन उचललं. वेळेच्या रकान्यात वेळ लिहिली. मऊरानीपूर लिहिलं, ह्या खेपेला नंबरासकट. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: *चाळीस बाटल्या. कोणाला?*

चौथा रकाना तिनं मोकळा ठेवला. मग पदर खोचला, श्रीकृष्णाला हाक मारली आणि विचारलं, मऊरानीपूरला जायला सकाळची पहिली बस किती वाजता सुटते.